फुफ्फुसांचा फायब्रोसिस: तज्ज्ञ अनेक, फाइल एक आणि कामांचा क्रम

फुफ्फुसांत सूज येण्याचे किंवा व्रण पडून (म्हणजे फायब्रोसिस होऊन) ती राठ होत जाण्याचे आजार दोनशेहून जास्त आहेत. डॉक्टर त्यांना मिळून आयएलडी (इंटरस्टिशियल लंग डिसीज) म्हणतात. कारण सापडत नाही तो आयपीएफ यात येतो, संधिवात किंवा स्क्लेरोडर्मासारख्या (त्वचा कडक होत जाण्याच्या) आजारांतून होणारा फायब्रोसिस येतो, पक्ष्यांच्या विष्ठेमुळे किंवा बुरशीमुळे होणारा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस येतो, सिलिकाच्या धुळीचा सिलिकोसिस आणि काही औषधांमुळे होणारी इजाही येते. बहुतेकांत धाप आणि कोरडा खोकला असतो, पण उपचार वेगवेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं.

नातेवाइकांची चूक डॉक्टर निवडण्यात क्वचितच होते. चांगल्या चार-पाच तज्ज्ञांना एकामागून एक दाखवलं जातं, प्रत्येक जण आपापली चिठ्ठी देतो आणि त्या चिठ्ठ्या कधी एकत्र ठेवून कुणी वाचतच नाही, तिथे सगळं बिघडतं. पुढचे टप्पे ते टाळण्यासाठी आहेत. त्यांचा क्रम शक्यतो मोडू नका. डोस आणि औषधांबद्दल जे लिहिलंय ते डॉक्टरांशी नेमकं बोलता यावं म्हणून आहे, घरच्या घरी बदल करण्यासाठी नाही.

## टप्पा १: आधी फाइल, मग अपॉइंटमेंट

पहिल्याच भेटीत तज्ज्ञाला तीन गोष्टी लागतात: जुन्या स्कॅनची चित्रं, आजाराचा कालक्रम आणि औषधांची पूर्ण यादी. बहुतेक लोक या तिन्हींऐवजी रिपोर्टांचा गठ्ठा घेऊन जातात.

स्कॅनचा छापील रिपोर्ट म्हणजे एका रेडिओलॉजिस्टचं मत. फायब्रोसिस ओळखण्यात मुरलेल्या दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला ते मत नको असतं, त्याला मूळ चित्रं स्वतः पाहायची असतात. म्हणून जिथे जिथे सीटी झाला तिथून डायकॉम फाइली (स्कॅनची मूळ डिजिटल चित्रं) सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या. फिल्मचा फोटो मोबाइलवर काढून पाठवणं चालत नाही, त्यातली बारीक जाळी पुसली जाते. पाच-सात वर्षांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी छातीचा किंवा पोटाचा सीटी झाला असेल तर तोही शोधा. पोटाच्या सीटीत फुफ्फुसांचा तळ दिसतो आणि फायब्रोसिस बहुधा तिथूनच सुरू होतो. आजार किती वेगानं वाढतोय हे सांगणारा याहून चांगला पुरावा क्वचितच मिळतो.

कालक्रम एका पानात बसवा. धाप पहिल्यांदा कधी जाणवली, तेव्हा किती जिने चढता येत होते, आज किती. खोकला कधीपासून. वजन किती उतरलं. कुठली औषधं दिली गेली आणि त्यांनी खरोखर फरक पडला का. इनहेलर वर्षभर चालू आहे आणि काडीचाही फरक नाही, ही महत्त्वाची माहिती आहे. कित्येक रुग्णांना आधी दमा, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) किंवा हृदयविकार समजून औषधं दिलेली असतात.

औषधांच्या यादीत बंद केलेली औषधंही लिहा. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलं जाणारं अमिओडॅरोन, वारंवार होणाऱ्या लघवीच्या संसर्गासाठीचं नायट्रोफ्युरँटॉइन, संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट, कर्करोगासाठीचं ब्लिओमायसिन आणि छातीवर दिलेलं रेडिएशन ही नावं दिसली की तज्ज्ञ थांबून विचार करतात. मेथोट्रेक्सेट मात्र स्वतःहून बंद करू नका. संधिवात उसळला तर त्याचाही भार फुफ्फुसांवर येऊ शकतो.

तपासा: फाइलमधला प्रत्येक कागद तारखेनुसार लावलेला आहे का? सीडी दुसऱ्या संगणकावर उघडते का? न उघडणारी सीडी घेऊन पोहोचणं ही फार नेहमीची गोष्ट आहे.

## टप्पा २: श्वासातून काय काय गेलं, त्याची कसून यादी

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळे तो उरकतात, आणि निदान चुकण्याचं एक मोठं कारण इथेच असतं. डॉक्टर विचारतात, "कामाच्या ठिकाणी धूळ होती का?" रुग्ण म्हणतो, "नाही," आणि विषय संपतो.

प्रश्न असे विचारा, आणि ज्यानं रुग्णाला वर्षानुवर्षं पाहिलंय त्यालाही शेजारी बसवा:

- पहिल्या नोकरीपासून आजपर्यंत प्रत्येक काम कोणतं होतं? दगड फोडणं, वाळूचा मारा, वेल्डिंग, लाकूडकाम, कापड, धान्य, बांधकाम पाडणं, ॲस्बेस्टॉसचे पत्रे?
- घरात, शेजारी किंवा छतावर पक्षी आहेत का? कबुतरं, पोपट, कोंबड्या? पिसांची उशी किंवा रजई?
- भिंतीला ओल आणि बुरशी आहे का? कूलर, ह्युमिडिफायर किंवा एसीचं पाणी किती दिवसांनी बदललं जातं?
- सडलेलं गवत, कंपोस्ट, कोंदट साठवणीची जागा?
- सिगारेट, विडी, चुलीचा धूर? किती वर्षं?

सुट्टीवर बाहेरगावी गेलं की खोकला कमी होतो आणि घरी परतलं की दोन दिवसांत वाढतो, असं काही असेल तर ते ठळक लिहा. नसलं म्हणून घरातलं कारण बाद होत नाही. जुनाट आजारात ही चढउतार दिसेनाशी होते.

घरातल्या दुसऱ्या कुणाला फुफ्फुसांचा फायब्रोसिस झाला होता का, हेही इथेच. लहान वयात केस पांढरे होणं, कारण न सापडलेला यकृताचा सिरोसिस, प्लेटलेट कमी असणं, असं एकाच कुटुंबात दिसलं तर टेलोमेअरशी (गुणसूत्रांच्या टोकांशी) संबंधित आनुवंशिक दोषाची शंका येते. अशा रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जास्त त्रास देऊ शकतात. म्हणजे ही माहिती उपचार सुरू होण्याआधी हवी, नंतर नाही.

सावधान: संशयित कारण सापडलं तर ते लगेच दूर करा, निदान पक्कं होईपर्यंत थांबू नका. पक्षी हलवल्यावर पिंजरा, गाद्या, पडदे आणि धूळही साफ करावी लागते. ती सफाई रुग्णानं करायची नाही.

## टप्पा ३: तपासण्या, आणि त्या याच क्रमानं

छातीचा साधा एक्स-रे सुरुवातीच्या आजारात नॉर्मल असू शकतो, त्यावर विसंबू नका. डॉक्टरांना पाठीच्या तळाशी वेल्क्रोची पट्टी सोडवल्यासारखा आवाज ऐकू आला असेल तर पुढे जायलाच हवं.

३.१ एचआरसीटी. १.५ मिमी किंवा त्याहून पातळ कापांचा सीटी स्कॅन. कॉन्ट्रास्ट इंजेक्शन लागत नाही. खोल श्वास घेऊन, श्वास सोडून आणि गरज असेल तर पालथं झोपवून, असे भाग असतात. श्वास सोडलेल्या स्थितीतल्या चित्रांत हवा अडकलेले तुकडे दिसतात आणि ते हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसकडे बोट दाखवतात. साधा छातीचा सीटी लिहून दिला असेल तर "आयएलडीसाठी एचआरसीटी, श्वास सोडलेल्या स्थितीसह" असं चिठ्ठीवर लिहून मागा. ताप किंवा ताजा संसर्ग असताना केलेला स्कॅन गोंधळ घालतो. तातडी नसेल तर बरं होऊ द्या.

३.२ फुफ्फुसांची क्षमता. नुसती स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची तपासणी) पुरत नाही, डीएलसीओ हवंच. एफव्हीसी म्हणजे किती हवा बाहेर फुंकता येते, डीएलसीओ म्हणजे वायू किती सहज रक्तात उतरतो. धूम्रपानामुळे एम्फिसिमाही (हवेच्या पिशव्या फाटून फुगण्याचा आजार) असलेल्या रुग्णाचं एफव्हीसी चक्क नॉर्मल येऊ शकतं, कारण एक आजार फुफ्फुसं फुगवतो आणि दुसरा आकसतो. अशा वेळी घसरलेलं डीएलसीओच खरं सांगतं. हिमोग्लोबिनचा आकडा सोबत न्या, डीएलसीओ त्यानुसार सुधारून वाचावं लागतं.

३.३ सहा मिनिटांची चाल. सपाट, शक्यतो ३० मीटर लांबीच्या मार्गिकेत. किती मीटर चालता आलं एवढंच यात बघायचं नसतं, ऑक्सिजन कुठवर खाली आला ते जास्त महत्त्वाचं.

३.४ रक्ततपासण्या. मुळाशी संधिवाताच्या कुळातला आजार आहे का हे पाहायला: एएनए, आरएफ, अँटी-सीसीपी, स्क्लेरोडर्मा आणि मायोसायटिसशी (स्नायूंच्या सुजेशी) निगडित अँटिबॉडी, सीके, सीआरपी. बोटं थंडीत पांढरी-निळी पडतात का, सकाळी सांधे आखडतात का, डोळे-तोंड कोरडं पडतं का, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही का, हे स्वतःहून सांगा. बरेच रुग्ण ही लक्षणं वयाच्या खात्यात टाकून मोकळे होतात. यातलं एकही असेल तर संधिवाततज्ज्ञ या टप्प्यावर हवेत.

३.५ हृदयाची इको. फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलाय का हे पाहायला. धाप स्कॅनच्या मानानं जास्त असेल तर ही विसरू नका.

सावधान: तपासण्या पूर्ण व्हायच्या आत "बघू तर खरं" म्हणून स्टेरॉइड सुरू करू नका, असं डॉक्टरांशी नम्रपणे पण स्पष्ट बोला. स्टेरॉइडनं स्कॅनवरचं चित्र आणि ब्रोन्कोस्कोपीतून (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) काढलेल्या पाण्यातल्या पेशींचं प्रमाण बदलू शकतं. पुढे कुणालाच मूळ आजार दिसत नाही. अपवाद एकच: रुग्ण झपाट्यानं खालावतोय आणि डॉक्टर थांबायला तयार नाहीत.

३.६ बायोप्सी या यादीत सर्वांत शेवटी, आणि तीही पुढच्या टप्प्यानंतर. एचआरसीटीत मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या तळाशी आणि कडेला स्पष्ट दिसत असतील आणि दुसरं कारण सापडत नसेल तर आयपीएफच्या निदानाला बायोप्सी लागत नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयीन नोंदींच्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनं फुफ्फुसाचा तुकडा काढल्यावर रुग्णालयातच मृत्यू होण्याचं प्रमाण नियोजित शस्त्रक्रियेत १.७ टक्के होतं, तातडीच्या शस्त्रक्रियेत १६ टक्के. म्हणून "करून टाकू" असं हिच्याबद्दल कुणी म्हणत असेल तर आधी बैठक मागा. क्रायोबायोप्सी (दुर्बिणीतून, गोठवून तुकडा काढणं) तुलनेनं सौम्य असते, पण ती नेहमी करणाऱ्या केंद्रातच.

## टप्पा ४: सगळे तज्ज्ञ एका टेबलाशी

बहुतज्ज्ञ बैठकीत, म्हणजे एमडीडीत, छातीविकारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, बहुधा संधिवाततज्ज्ञ आणि बायोप्सी झाली असेल तर पॅथॉलॉजिस्ट एकाच रुग्णाची फाइल एकत्र बघतात. रुग्ण सहसा तिथे नसतो. तो नसतो म्हणूनच टप्पा १ आणि २ मधले कागद त्याच्या वतीनं बोलतात. छतावरच्या कबुतरांचा उल्लेख कागदावर नसेल तर त्या खोलीत ती कबुतरं अस्तित्वातच नसतात.

बैठक कशी मागायची? जवळ आयएलडी केंद्र किंवा आयएलडी क्लिनिक असेल तर आपल्या छातीविकारतज्ज्ञांकडूनच पत्र घ्या. त्यांना डावलून परस्पर जाऊ नका, पुढची रोजची देखभाल त्यांनाच करायची आहे. केंद्र दूर असेल तर बऱ्याच ठिकाणी डायकॉम फाइली आणि कागद पाठवून दूरस्थ चर्चा होते. पत्रात एक नेमका प्रश्न असावा. "कृपया मत द्यावे" यातून काही हाती लागत नाही. "हा आयपीएफ आहे की जुनाट हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, आणि बायोप्सीनं उपचार बदलणार आहे का?" असं विचारलं की उत्तरही तसंच नेमकं येतं.

बैठकीनंतर चार गोष्टी लेखी मागा: निदान कोणतं, त्याबद्दल खात्री किती, पुढचं पाऊल काय, आणि प्रमुख डॉक्टर कोण. "तात्पुरतं निदान" असं लिहिलं असेल तर चिडू नका. सगळ्या तपासण्या होऊनही काही रुग्णांचा आजार कुठल्याच नावात बसत नाही. तो कसा वागतो हे पाहून काही महिन्यांनी फाइल पुन्हा टेबलावर येते, आणि तशी ती यायलाच हवी.

माझ्या मते या चारांत शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तोच कुणी विचारत नाही. पाच तज्ज्ञांपैकी स्टेरॉइडचा डोस कोण बदलणार? यकृताच्या तपासणीचा रिपोर्ट कुणाकडे जाणार? रात्री धाप वाढली तर फोन कुणाला? हे ठरलेलं नसेल तर प्रत्येक जण समजतो की दुसरा बघतोय.

तपासा: घरातूनही एकच माणूस समन्वयक ठेवा. तीन भावंडं तीन डॉक्टरांना वेगवेगळे प्रश्न विचारत असतील तर टेबलाभोवतीची सगळी मेहनत पाण्यात. केंद्रात आयएलडी नर्स असेल तर तिचा नंबर आधी घ्या, बऱ्याचदा तोच लवकर उचलला जातो.

## टप्पा ५: औषध सुरू होण्याआधी

औषधांचे ढोबळ दोन गट आहेत. सूज आणि प्रतिकारशक्ती दाबणारी, म्हणजे स्टेरॉइड, मायकोफेनोलेट, रिटुक्सिमॅब. आणि व्रण पडण्याचा वेग कमी करणारी, उदाहरणार्थ पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब. संधिवाताच्या कुळातल्या आजारात पहिला गट बहुधा लागतो. आयपीएफमध्ये तो नेहमीसाठी देत नाहीत: प्रेडनिसोन, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन या तिघांच्या एकत्रित उपचारानं आयपीएफच्या रुग्णांत मृत्यू आणि रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण वाढतं, हे पँथर नावाच्या चाचणीतून २०१२ साली प्रसिद्ध झालं. जुन्या चिठ्ठीवर हे तिकूट दिसलं तर प्रमुख डॉक्टरांना लगेच दाखवा. स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर ते झटक्यात थांबवणं धोक्याचं, उतरवत न्यावं लागतं.

व्रण रोखणाऱ्या या दोन्ही औषधांना अमेरिकेत आयपीएफसाठी २०१४ साली मान्यता मिळाली. निंटेडॅनिब नंतर स्क्लेरोडर्माच्या आणि वाढत जाणाऱ्या इतर फायब्रोसिसच्या रुग्णांनाही दिलं जाऊ लागलं. यांबद्दलचा गैरसमज आधीच दूर करा. पडलेला व्रण यांनी पुसला जात नाही. घसरण मंदावते. "तीन महिने झाले, धाप तशीच आहे" म्हणून औषध सोडणारे रुग्ण कितीतरी. धाप तशीच राहणं हे इथे चांगलं लक्षण असू शकतं.

प्रतिकारशक्ती दाबणारं औषध ठरलं असेल तर सुरू करण्याआधी क्षयरोग आणि हिपॅटायटिस बीची तपासणी, आणि फ्लू, न्यूमोकोकस, कोविडच्या लशी. औषध सुरू झाल्यावर लशीचा प्रतिसाद कमी होतो, आणि जिवंत विषाणूंच्या लशी तर तेव्हा टाळतात. जास्त डोसचं स्टेरॉइड महिनाभराहून अधिक चालणार असेल तर न्यूमोसिस्टिस नावाच्या संसर्गापासून संरक्षण देणारी गोळी, हाडांची घनता आणि रक्तातली साखर कोण बघणार, हे विचारा.

मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांनी गर्भधारणेचा विषय स्वतः काढावा. मायकोफेनोलेट आणि निंटेडॅनिब दोन्ही गर्भाला घातक आहेत.

## टप्पा ६: गोळ्या घेताना होणाऱ्या चुका

पिरफेनिडोन चढवत नेतात: पहिला आठवडा २६७ मिग्रॅ दिवसातून तीनदा, दुसरा आठवडा ५३४, मग ८०१. जेवता जेवता किंवा भरल्या पोटी. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ आणि चक्कर ठरलेली. उन्हानं त्वचा भाजते. सनस्क्रीन, पूर्ण बाह्या, टोपी, आणि ढगाळ दिवसही यातून सुटत नाही. १४ किंवा त्याहून जास्त दिवस खंड पडला तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. थेट ८०१ वर उडी मारू नका. धूम्रपानानं या औषधाची रक्तातली पातळी घटते, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे नेहमीचं अँटिबायोटिक ती वाढवतं. म्हणून लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर पिरफेनिडोनचं नाव आधी घ्या.

निंटेडॅनिब साधारण १५० मिग्रॅ दिवसातून दोनदा, १२ तासांच्या अंतरानं, खाण्यासोबत. कॅप्सूल फोडायची नाही, चघळायची नाही. जुलाब हा मोठा त्रास. जुलाब थांबवणारी गोळी औषध सुरू करतानाच घरी आणून ठेवायची असते, तिसऱ्या दिवशी धावाधाव करून नाही. तरीही जमलं नाही तर डॉक्टर डोस १०० मिग्रॅवर आणतात किंवा थोडे दिवस थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी सांगा.

दोन्ही औषधांत यकृताची तपासणी सुरुवातीला दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. पिरफेनिडोनला ही मासिक तपासणी पहिले सहा महिने चालते, निंटेडॅनिबला तीन.

तपासा: पुढच्या सहा महिन्यांच्या रक्ततपासणीच्या तारखा आजच कॅलेंडरवर टाका, आणि रिपोर्ट कोण वाचणार त्याचं नाव शेजारी लिहा.

## टप्पा ७: ऑक्सिजन

बसल्या जागी ऑक्सिमीटर ९५ दाखवतो म्हणून सगळे निर्धास्त राहतात. या आजारात ऑक्सिजन चालताना कोसळतो. मोजायचा तो जिना चढून आल्यावर, आंघोळीनंतर, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर झोपेतही.

थंड बोटं आणि नेलपॉलिश आकडा बिघडवतात. सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. स्क्लेरोडर्माच्या रुग्णांत बोटांचा रक्तपुरवठाच तोकडा असतो, तिथे कानाच्या पाळीवरचा किंवा कपाळावरचा सेन्सर मागा.

आराम करतानाचं प्रमाण ८८ टक्के किंवा त्याखाली असेल तर दीर्घकाळ ऑक्सिजनचा विचार होतो. यंत्र घेताना एक चूक महागात पडते: बरीच छोटी, खांद्यावर न्यायची यंत्रं ऑक्सिजन सलग न देता श्वासागणिक थोडा थोडा सोडतात आणि भरभर चालताना तो अपुरा पडतो. नेमकं जे यंत्र घ्यायचंय तेच लावून रुग्णाला चालवून पाहा, मगच ठरवा. वीज गेली तर काय, हा प्रश्नही त्याच दिवशी सोडवा. भरलेला सिलिंडर घरात असू द्या.

सावधान: ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत सिगारेट, उदबत्ती, मेणबत्ती नाही. गॅसच्या शेगडीपाशी रुग्णानं उभं राहायचं नाही. नाक कोरडं पडलं तर पाण्यावर आधारलेलं जेल लावा, व्हॅसलिन नको.

## टप्पा ८: व्यायाम, खोकला आणि बाकीचे आजार

पल्मनरी रिहॅब हा सहा ते बारा आठवड्यांचा देखरेखीखालचा व्यायामाचा कार्यक्रम असतो. धाप लागते म्हणून रुग्ण हलत नाही, न हलल्यानं स्नायू आटतात, आणि मग कमी कामातही जास्त धाप. हे चक्र औषधानं तुटत नाही. फिजिओथेरपिस्टला सांगा की हा सीओपीडी नाही, व्यायामात ऑक्सिजन पटकन खाली येतो. ऑक्सिजन लावून व्यायाम केला तरी चालतो.

खोकल्यासाठी आम्लपित्त, नाकामागचा स्राव आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या ही कारणं आधी तपासली जातात. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, उदासी, वजन झपाट्यानं उतरणं हे प्रत्येक भेटीत सांगायचं. व्रण पडलेल्या फुफ्फुसात कर्करोगाची जोखीमही वाढलेली असते, त्यामुळे जुन्या स्कॅनमध्ये नसलेली गाठ नव्यात दिसली तर "फायब्रोसिसचाच भाग असेल" म्हणून सोडू नका.

## टप्पा ९: दर तीन-सहा महिन्यांनी एकच तक्ता

एफव्हीसी, डीएलसीओ, चालण्याचं अंतर, चालताना सर्वांत खाली आलेला ऑक्सिजन, वजन. तारखेसह एकाच तक्त्यात, आणि पीएफटी (फुफ्फुसांच्या क्षमतेची तपासणी) शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, कारण यंत्र बदललं की आकडा आजाराशिवायही हलतो.

आयपीएफ सोडून इतर फायब्रोसिस "वाढता" कधी म्हणायचा, याचे निकष २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहेत. वर्षभरात पुढीलपैकी दोन घडलं आणि दुसरं कारण सापडलं नाही तर: लक्षणं वाढणं, अपेक्षित प्रमाणाच्या टक्केवारीत एफव्हीसी किमान ५ किंवा डीएलसीओ किमान १० अंकांनी घसरणं, स्कॅनवर व्रण वाढलेले दिसणं. तुमच्या तक्त्यात असं दिसलं तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करा. फाइल पुन्हा बैठकीत ठेवायची ती हीच वेळ.

## टप्पा १०: दोन दारं लवकर ठोठावा

फुफ्फुस प्रत्यारोपणाचं नाव काढलं की लोक म्हणतात, "अजून तेवढी वेळ आली नाही." वेळ आल्यावर जाणाऱ्यांना बऱ्याचदा उशीर झालेला असतो. आयपीएफसारख्या, स्कॅनवर व्रणांचा ठरावीक नमुना दिसणाऱ्या आजारात निदान होतानाच प्रत्यारोपण केंद्राला कळवावं, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. कळवणं म्हणजे यादीत नाव लागणं नव्हे. हृदय, मूत्रपिंड, वजन, दात, धूम्रपान सोडल्याचा काळ यांत काय सुधारायला हवं ते आधी कळतं आणि सुधारायला अवधी मिळतो. वय किंवा इतर आजारांमुळे प्रत्यारोपण शक्य नसेल तर तेही स्पष्ट विचारून घ्या.

दुसरं दार पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या देखभालीचं. त्याला शेवटच्या दिवसांशी जोडून लोक ते टाळतात आणि रुग्ण विनाकारण वर्षभर घुसमटतो. कमी डोसचं मॉर्फिन देखरेखीखाली धाप हलकी करू शकतं. चेहऱ्यावर सोडलेला छोटा पंखाही आराम देतो. ही देखभाल बाकीच्या सगळ्या उपचारांसोबत चालते. प्रत्यारोपणाच्या यादीत असलेल्या रुग्णालाही ती मिळू शकते.

## टप्पा ११: अचानक बिघाडाचं पान

काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत धाप एकाएकी वाढली तर घरी थांबून बघायचं नाही. कारण संसर्ग असेल, फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, फुफ्फुसाभोवती साचलेली हवा, हृदयावरचा ताण, किंवा आजाराचाच तीव्र भडका. हे रुग्णालयातच वेगळं करता येतं.

तातडीच्या विभागातल्या डॉक्टरला हा रुग्ण नवा असतो. म्हणून एक पान छापून दारामागे लावा, एक पाकिटात ठेवा, फोटो मोबाइलमध्ये. त्यावर: निदान, प्रमुख डॉक्टर आणि नर्सचा नंबर, नेहमीचा ऑक्सिजन किती लिटर आणि तेव्हाचा आकडा, सगळी औषधं डोससह, ॲलर्जी, शेवटचं एफव्हीसी आणि डीएलसीओ, शेवटच्या एचआरसीटीची तारीख. स्टेरॉइड चालू असेल तर ते ठळक, कारण ते एकदम थांबलं तर जिवावर बेतू शकतं.

त्याच पानावर आणखी एक ओळ लागते, आणि ती लिहायला सर्वांत जास्त वेळ लागतो: व्हेंटिलेटर हवा का. तीव्र भडक्यात व्हेंटिलेटरवर गेलेले फार थोडे आयपीएफ रुग्ण परत येतात. प्रत्यारोपणाच्या यादीत असलेल्याचा निर्णय वेगळा असू शकतो. नाकातून वेगानं दिला जाणारा उच्च प्रवाहाचा ऑक्सिजन कुठवर आणि पुढे काय, हे रुग्ण स्वतः नीट बोलू शकत असताना, प्रमुख डॉक्टरांसमोर ठरवा, त्यांची सही घ्या आणि तारीख टाका. दर सहा महिन्यांनी तक्ता भराल त्याच दिवशी हे पानही रुग्णाला पुन्हा वाचून दाखवा. मत बदललं असेल तर जुनं पान फाडून नवं लावा, आणि पाकिटातलं व मोबाइलमधलंही बदला.